जिभेचा पुरावा : व्हिस्कीची चव कशी घ्यावी, कशी तोलावी

(परभणी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातला ओघ शक्य तितका कायम ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय वाचून काहींनी नाक मुरडलं असेल, काहींनी कान टवकारले असतील. दोघांचंही स्वागत. प्या असं सांगायला मी उभा नाही आणि पिऊ नका असं कीर्तन करायलाही उभा नाही. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यातला एक जुना प्रश्न मला व्हिस्कीच्या पेल्यात फार स्वच्छ दिसतो, म्हणून हा विषय घेतला. प्रश्न असा : 'ही चव चांगली आहे' असं आपण म्हणतो, तेव्हा आपण त्या वस्तूबद्दल काही सांगत असतो की फक्त स्वतःबद्दल?

इमान्युएल कांटनं १७९० साली याचं एक उत्तर दिलं. त्याचं उदाहरणच मद्याचं आहे, कॅनरी बेटांच्या वाइनचं. तो म्हणतो, ही वाइन सुखद आहे असं कुणी म्हणालं तर आपण त्याला दुरुस्त करावं, 'मला सुखद आहे' एवढंच म्हण. म्हणजे जिभेची आवड ही ज्याची त्याची. तिथं वाद नाही, पुरावा नाही, शहाणा नाही आणि अडाणीही नाही.

त्याच्या आधी, १७५७ साली, डेव्हिड ह्यूमनं वेगळी बाजू मांडली होती. ह्यूम एडिनबरोचा, म्हणजे व्हिस्कीच्या मुलखातला. पण गोष्ट त्यानं घेतली ती 'डॉन किहोटे' मधली, आणि तीही वाइनची. सांचो पांझाच्या घराण्यातल्या दोन माणसांना एका पिंपातली वाइन चाखायला दिली. एकजण म्हणाला, वाइन चांगली आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, चांगली आहे, पण किंचित लोखंडाची चव लागते. लोक दोघांना हसले. पुढं पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी एक जुनी किल्ली निघाली, चामड्याच्या वादीला बांधलेली.

आता बघा, या गोष्टीत जीभ साक्षीदार झाली. तिनं वस्तूबद्दल खरी बातमी आणली. आवडनिवड ज्याची त्याची, हे खरंच आहे. पण पिंपात किल्ली आहे की नाही, हा आवडीचा प्रश्न नाही. व्हिस्कीच्या शौकिनाचं सगळं काम या किल्लीच्या शोधाचं आहे. तिथूनच पुढं जाऊ.

पेल्यात काय असतं

आधी वस्तू समजून घेऊ. आपल्याकडं नाचणीचं सत्त्व करतात तेव्हा नाचणी भिजवतात, मोड आणतात, वाळवतात, दळतात. व्हिस्कीची सुरुवात अशीच आहे. सातू म्हणजे जव भिजवायचे, मोड आणायचे. मोड आला की दाण्यात अशी द्रव्यं तयार होतात जी पिठाची साखर करतात. योग्य वेळी गरम हवेनं मोड थांबवायचा. हे झालं माल्ट. ते दळून गरम पाण्यात कालवलं की गोड पाणी निघतं. त्यात यीस्ट घालून आंबवलं की बिअरसारखं सात ते नऊ टक्क्यांचं आंबवण तयार होतं. ते तांब्याच्या भांड्यात दोनदा ऊर्ध्वपातित करायचं आणि ओक लाकडाच्या पिंपात वर्षानुवर्षं मुरवायचं.

आपल्याकडं 'पहिल्या धारेची' हा शब्द कौतुकानं वापरतात, कारण ती सगळ्यांत कडक. माल्ट गाळणारा मात्र पहिली धार बाजूला काढतो, शेवटची धारही बाजूला काढतो, आणि मधलीच पिंपात भरतो. पहिलीत उग्र, रंगासारखा वास असणारी हलकी द्रव्यं असतात. शेवटचीत ओशट, जड द्रव्यं. मधल्या धारेची सीमा कुठं आखायची, हे त्या गाळणाऱ्याचं कसब.

आता शैली कुठून येतात? मुख्यतः चार ठिकाणांहून : धान्य, धूर, भांडं आणि लाकूड.

स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातल्या व्हिस्क्या बहुधा फळांच्या, मधाच्या अंगानं जातात. आयला बेटावर माल्ट वाळवताना पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजून दबलेली वनस्पती. तिचा धूर माल्टमध्ये शिरतो आणि पेल्यात डांबर, दवाखान्यातली पट्टी, विझलेली चूल असा वास येतो. लाफ्रोएग, आर्डबेग, लागावुलिन ही त्यातली नामांकित नावं. आयर्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी तीनदा गाळतात, आणि मोड आणलेल्या जवाबरोबर न मोडवलेले जवही घेतात. त्यामुळं पोत गुळगुळीत आणि धान्याची चव ठसठशीत. अमेरिकेच्या बर्बनमध्ये निदान ५१ टक्के मका लागतो, आणि पिंप नवीन, आतून जाळलेलं लागतं. जळलेल्या ओकमधून व्हॅनिलिन सुटतं, म्हणून बर्बनमध्ये व्हॅनिला, जळत्या साखरेचा वास. याच ओकमध्ये खोबऱ्याच्या वासाची द्रव्यंही असतात. स्पेनच्या शेरी वाइनची पिंपं वापरली तर मनुका, खारीक, अंजीर. जपाननं हे सगळं स्कॉटलंडकडून शिकून घेतलं. मासाताका ताकेत्सुरू पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तिकडं शिकायला गेला होता.

म्हणजे 'आयलाच्या व्हिस्कीत धुराची चव लागते' हे वाक्य 'मला सुखद आहे' या जातीचं नाही. धुरात ग्वायाकोल नावाचं द्रव्य असतं, ते मोजता येतं. ह्यूमची किल्ली ती हीच.

जीभ किती आणि नाक किती

आपल्या न्यायशास्त्रात अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' पहिल्या वर्षाला शिकवतात. त्यात रस सहा : मधुर, आम्ल, लवण, कटू, कषाय, तिक्त. रस घेते रसना. गंध घेतो घ्राण, आणि गंधाचे प्रकार किती? दोनच. सुरभी आणि असुरभी. सुवास आणि दुर्वास. संपलं.

विद्यार्थी असताना मला ही वाटणी फार कंजूष वाटायची. पण एका बाबतीत नैयायिक चोख आहेत. रस आणि गंध यांची इंद्रियं त्यांनी वेगळी ठेवली. आपण बोलताना मात्र दोन्ही एकत्र करून 'चव' म्हणतो, आणि तिथं घोटाळा होतो.

खिशात बडीशेप असेल तर आत्ताच करून बघा. नाक बोटांनी घट्ट दाबा, चिमूटभर बडीशेप तोंडात टाका आणि चावा. किंचित गोड, किंचित तुरट, एवढंच लागेल. बडीशेप आहे की दुसरं काही, हे सांगता येणार नाही. आता नाक सोडा. (श्रोत्यांत हालचाल, हशा) आली ना बडीशेप? ती जिभेवर नव्हतीच. तोंडातली हवा घशामागून नाकात चढते आणि तिथं वास कळतो. ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा वाटा असा मागच्या दारानं येणारा वास असतो.

म्हणून व्हिस्की चाखणारा आधी हुंगतो. पेला वरून निमुळता असावा, म्हणजे वास गोळा होतो. नाक आत खुपसायचं नाही. मद्यार्कानं नाक बधिर होतं. पेला हनुवटीपाशी धरायचा, तोंड किंचित उघडं ठेवायचं, हळूहळू वर आणायचा. मग अगदी छोटा घोट, जिभेवर फिरवायचा. गिळल्यावर किंवा थुंकल्यावर नाकातून श्वास सोडायचा. त्या उच्छ्वासात अर्धी व्हिस्की कळते.

आणि पाणी. चार थेंब पाणी घातलं की वास उघडतो, हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. २०१७ साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकीय प्रतिरूपानं त्यामागचं कारण दाखवलं : मद्यार्काचं प्रमाण जास्त असताना ग्वायाकोल द्रवाच्या पोटात दडून राहतं, पातळ केल्यावर ते पृष्ठभागाकडं येतं, हवेच्या जवळ. नैयायिक पाण्याला फक्त मधुर रस देतात, खारेपणा वगैरे पृथ्वीच्या अंशामुळं असं म्हणतात. त्यामुळं पाणी घालायचं ते मधुर घाला, बोअरचं नको. सोडा, कोला, बर्फ, तिखट शेंगदाणे, यांची मजा असेल. पण त्यात किल्ली सापडत नाही. बर्फानं वास दबतो आणि चखण्यानं जीभ आधीच कामाला लागते.

शब्द कुठून आणायचे

आता अडचण येते ती भाषेची. इंग्रजीतली व्हिस्कीची वर्णनं वाचली तर त्यात हीदर, बटरस्कॉच, टॉफी अॅपल असले शब्द येतात. आपल्या नाकाला हीदर माहीत नाही. मग माणूस न आलेला वास आल्याचं सांगतो, कारण पुस्तकात लिहिलंय. ती चव नाही, ते पाठांतर.

न्यायात निर्विकल्पक आणि सविकल्पक असे प्रत्यक्षाचे दोन प्रकार मानतात. आधी नुसतं काहीतरी जाणवतं, नाव नसतं. मग 'हे अमुक' असं नाव घेऊन ज्ञान येतं. नाव नसलं तर जाणवलेलं हातात राहत नाही, तुलना करता येत नाही. म्हणून शब्द हवेत, पण ते आपल्या स्वयंपाकघरातले हवेत.

आणि मराठीइतकी या कामाला श्रीमंत भाषा शोधावी लागेल. बघा : खमंग, खरपूस, करपट, धुरकट, जळकट. भाजण्याच्या एकाच वाटेवरच्या या पायऱ्या आहेत. येसरासाठी धान्य भाजताना खरपूस कुठं संपतं आणि करपट कुठं सुरू होतं, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही आजीला नाकानं कळतं. नवीन जाळलेल्या पिंपातली व्हिस्की आणि पीटच्या धुरातली व्हिस्की यांतला फरक याच दोन शब्दांच्या मधला आहे. पुढं : आंबूस, आंबट, आंबलेलं, हे तीन वेगळे. गोड, गोडसर, गुळचट, हे वेगळे. सपक, मिळमिळीत, मचूळ, हे बेचवपणाचे तीन प्रकार. ओशट, खवट, कुबट, हे दोष. पितळेच्या भांड्यात दही कळकतं, त्या कळकलेल्या धातूच्या चवीला मराठीत खास क्रियापद आहे. सांचोच्या नातेवाइकांना लोखंडाबद्दल बोलताना त्याचा उपयोग झाला असता.

मी माझ्या वहीत असंच लिहितो. पीट : गोवरीचा नव्हे, ओल्या लाकडाचा धूर, वर टिंक्चर. शेरीचं पिंप : भिजवलेल्या मनुका, चिंचेची किंचित झाक. कोवळी व्हिस्की : केळीच्या वखारीचा वास. हा शेवटचा तर अक्षरशः खरा आहे. पिकल्या केळ्याच्या वासाचं जे मुख्य द्रव्य, ते यीस्टही तयार करतं. अर्धापूर-वसमतकडं केळीच्या वखारीत गेलेल्या माणसाला ते ओळखायला पुस्तक लागत नाही.

चंदन सुगंधी दिसतं

आता सगळ्यांत मोठ्या अडथळ्याकडं येऊ. लेबल.

नैयायिकांचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे, 'सुरभि चन्दनम्'. लांबून चंदनाचं लाकूड दिसलं. वास येण्याइतकं ते जवळ नाही. तरी आपण म्हणतो, सुगंधी चंदन दिसतंय. डोळ्याला गंध कसा दिसला? नैयायिक म्हणतात, पूर्वीच्या ज्ञानाच्या द्वारे इथं प्रत्यक्षच होतं, अलौकिक प्रकारचं. 'वेदान्तपरिभाषा' कार हे मान्य करत नाहीत. ते म्हणतात, चंदनापुरतं ज्ञान प्रत्यक्ष आहे, सुगंधापुरतं ते परोक्ष आहे. वास आत्ता कळत नाहीये, आठवणीतून मिसळतोय.

बाटलीवर 'अठरा वर्षं' वाचलं आणि पाच आकडी किंमत ऐकली की व्हिस्की मऊ लागते. हा मऊपणा जिभेला कळला की आठवणीनं मिसळला? इथं वाद घालत बसायची गरज नाही, तपासता येतं. बोर्डो इथं वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला, २००१ साली तो प्रसिद्ध झाला. पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग घातला. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन करताना लाल वाइनचे शब्द वापरले. रंग दिसला आणि नाकानं त्याची री ओढली. वेदान्त्यांचा मुद्दा बरोबर निघाला म्हणायचं.

म्हणून शौकिनाचा पहिला नियम : लेबल झाका. सारखे पेले घ्या, खाली आकडे चिकटवा, ओतणारा एक आणि चाखणारा दुसरा. त्याहून कडक कसोटी हवी तर तीन पेले घ्या. दोनात एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला कोणता ते सांगा. नुसत्या अंदाजानं तीनातून एकदा बरोबर येईल. सलग चार फेऱ्या बरोबर आल्या तर तो योगायोग असण्याची शक्यता ८१ मध्ये १. इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञानं हीच युक्ती चहासाठी मांडली. एक बाई म्हणत होत्या, दूध आधी घातलं की चहा आधी, हे मला चवीवरून कळतं. त्यानं आठ कपांची कसोटी आखली, चार असे, चार तसे. नुसत्या अंदाजानं सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये १. १९३५ च्या त्याच्या पुस्तकात हे प्रकरण आहे आणि आधुनिक प्रयोगशास्त्र तिथून बरंच पुढं गेलं. चहाच्या कपातून एवढं निघालं.

दोन व्हिस्क्या वेगळ्या ओळखता येत नसतील, तर एकीसाठी पाचपट पैसे आपण कशाचे देतो, हा प्रश्न ज्यानं त्यानं स्वतःला विचारावा.

आपल्या मातीत

ही सगळी चर्चा परदेशाचीच आहे का? नाही. पण आधी एक कडू गोष्ट. भारतात व्हिस्की म्हणून जे विकलं जातं त्यातलं पुष्कळसं उसाच्या मळीच्या मद्यार्कावर उभं असतं. त्यात थोडा माल्ट, रंग आणि स्वाद मिसळलेला असतो. युरोपीय संघाच्या व्याख्येत व्हिस्की धान्याचीच लागते, म्हणून यातलं बरंचसं तिकडं व्हिस्की या नावानं विकता येत नाही. आपल्याकडं जायकवाडीचं पाणी आलं, ऊस आला, साखर कारखाने आले, मळी आली. आता गंमत बघा. दुकानावर एक पाटी 'देशी', दुसरी 'विदेशी'. दोन्हींतला मद्यार्क बहुतेक वेळा मळीचाच. फरक शुद्धीकरणाचा, रंगाचा, स्वादाचा आणि कराचा. पण एक पिणारा खालच्या मानेनं जातो आणि दुसरा ताठ मानेनं. हाही चंदनाचाच दृष्टान्त. लेबलाचा सुगंध.

दुसरी बाजू आता बदलते आहे. बेंगळुरूच्या अमृतनं २००४ मध्ये ग्लासगोत आपला सिंगल माल्ट आणला. २०१० च्या 'व्हिस्की बायबल' मध्ये जिम मरे यांनी अमृत फ्यूजनला जगात तिसरं स्थान दिलं. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन तयार होते. ती २०१२ मध्ये लंडनमध्ये बाजारात आली. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीचा लाँजिट्यूड ७७ हा माल्ट २०२२ चा. तुलना शिकायची असेल तर पॉल जॉनचे तीन प्रकार शेजारी ठेवणं हा चांगला धडा आहे : ब्रिलियन्समध्ये पीट नाही, एडिटेडमध्ये थोडं, बोल्डमध्ये भरपूर. गाव एक, हवा एक, तीव्रता एक, ४६ टक्के. बदलतो तो धूर. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा तुलनेचा मूळ नियम इथं आयता मिळतो.

हवेचंही समजून घ्या. पिंपातून दरवर्षी थोडी व्हिस्की उडून जाते. त्याला तिकडं 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. स्कॉटलंडमध्ये हा वाटा वर्षाला साधारण दोन टक्के, आपल्याकडच्या उष्ण हवेत दहा टक्क्यांच्या घरात. हिशेब करा. बारा वर्षांनी तिकडं ७८ टक्के माल उरेल, इकडं जेमतेम २८ टक्के. उष्णतेत लाकूड आणि मद्य यांची देवाणघेवाणही झपाट्यानं होते. म्हणून भारतीय माल्ट बहुधा चारपाच वर्षांतच बाटलीत भरतात, आणि वयाचा आकडा लावत नाहीत. तिकडच्या बारा वर्षांशी इकडची पाच वर्षं केवळ आकड्यानं तोलणं म्हणजे रब्बी आणि खरीप एकाच मापानं मोजणं. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये झालेल्या व्यापार करारात स्कॉचवरचा १५० टक्के आयातकर आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. तेव्हा ही तुलना दुकानात समोरासमोर होईल.

आणि आपल्या परभणीची ज्वारी? इथल्या कृषी विद्यापीठाची 'परभणी मोती' तुम्ही खाल्ली आहे, लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' २०१८ मध्ये आली. चीनमधलं बायजिऊ, माओताई हे त्याचं सगळ्यांत प्रसिद्ध नाव, मुख्यतः ज्वारीचं. जगातल्या सर्वाधिक प्यायल्या जाणाऱ्या मद्यांत ते मोडतं. म्हणजे आपण ज्याची भाकरी थापतो त्यावर तिकडं एक अख्खी चवीची परंपरा उभी आहे. आपल्याकडं हा विषय आला तो वेगळ्या वाटेनं. २००७ मध्ये राज्य शासनानं धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदानाचं धोरण आणलं. पावसात काळी पडलेल्या ज्वारीला भाव मिळेल, असा युक्तिवाद होता. डॉ. अभय बंग यांच्यासह अनेकांनी कडाडून विरोध केला. भुकेच्या धान्याची दारू आणि तीही सरकारी पैशानं, हा आक्षेप होता. चवीचा अभ्यासक म्हणून मला ज्वारीच्या मद्याचं कुतूहल आहे. नागरिक म्हणून तो आक्षेप मला वजनदार वाटतो. दोन्ही एकाच डोक्यात राहू शकतात.

चवीची हद्द

ह्यूमनं चांगल्या पारख्याचे गुण सांगितले : शाबूत बुद्धी, तरल संवेदना, सराव, तुलना आणि पूर्वग्रहापासून मुक्ती. यातला पहिला गुण लक्षात घ्या. शाबूत बुद्धी. नशा चढली की पारख संपली. तिसऱ्या पेल्यानंतर नाक खोटं बोलायला लागतं.

हिशेब सांगतो. ४२.८ टक्क्यांची १८० मिलिलिटरची क्वार्टर एकट्यानं संपवली तर साधारण ६० ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. चार व्हिस्क्यांची तुलना प्रत्येकी १० मिलिलिटरनं केली तर १५ ग्रॅमच्या आत, आणि परीक्षक करतात तसं थुंकलं तर त्याहूनही पुष्कळ कमी. पण कमी म्हणजे निर्धोक नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की मद्याची कुठलीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही. हे मी दडवणार नाही.

आणि जीभ सगळं सांगत नाही. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. मिथेनॉलची चव आणि वास साध्या मद्यार्काच्या इतक्या जवळचे आहेत की पारखीलाही भरवसा देता येणार नाही. पिंपातली ही किल्ली जिभेला सापडत नाही, प्रयोगशाळेला सापडते.

इथं थांबतो. प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न : सर, सगळं झाकून चाखायचं म्हणता. मग बाटलीचा इतिहास, गाव, गोष्ट यांना काहीच किंमत नाही का?*

आहे ना. अभंग ऐकताना कुणाचा आहे हे कळलं की अर्थ वाढतो, तसंच. पण क्रम पाळा. आधी झाकून चाखा, वहीत लिहा, मग लेबल बघा. नंतर गोष्टीचा आनंद खुशाल घ्या. उलट केलंत तर तुमचं काय आणि जाहिरातीचं काय, हे कधीच कळणार नाही.

*प्रश्न (एक महिला श्रोत्या) : तुमचं बोलणं ऐकायला छान आहे. पण आमच्याकडं चव कोण बघतो? मजुरी येते ती दुकानात जाते आणि घरी मारहाण येते. अशा भाषणांनी पिण्याला प्रतिष्ठा मिळत नाही का?*

ताई, हा प्रश्न मी टाळणार नाही. हो, तो धोका आहे. 'रसिक' हा शब्द व्यसनाला झाकण म्हणून वापरला जातो, आणि शिकलेली माणसं तो जास्त वापरतात. चव कळते म्हणून माणूस व्यसनापासून वाचतो, असंही नाही. अॅरिस्टॉटलनं हा प्रश्न फार आधी ओळखला होता : योग्य काय ते कळतं, तरी माणूस उलट वागतो. ज्ञान म्हणजे लस नव्हे. माझ्यापुरती कसोटी एवढीच आहे की दहा मिलिलिटरवर थांबता येतं का, आणि महिनाभर नसली तर काही अडतं का. अडत असेल तर त्याला मी शौकीन म्हणत नाही, आणि त्याला माझ्या वहीची नाही, उपचाराची गरज आहे.

आणि तुमच्या गावापुरतं उत्तर तुमच्या हातात कायद्यानं दिलं आहे. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. तुमच्याकडं असं मतदान झालं तर माझ्या बाजूनं त्याला विरोधाचं एक अक्षर निघणार नाही. माझ्या कुतूहलाची किंमत तुमच्या घरानं मोजावी, असं म्हणायचा मला अधिकार नाही.

*प्रश्न : मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही, घेणारही नाही. मला या विद्येचा काय उपयोग?*

संपूर्ण उपयोग. ही विद्या मद्याची नाहीच, तुलनेची आहे. तीन वाट्यांची कसोटी गुळावर करा : सेंद्रिय म्हणून दुप्पट भावानं विकलेला गूळ खरोखर वेगळा लागतो का? तुपावर करा, करडईच्या तेलावर करा. यंदा हुरड्याला शेतावर जाल तेव्हा गुळभेंडीची कणसं आणि साध्या ज्वारीची कणसं वेगवेगळ्या आगट्यांत भाजा, डोळे झाकून खा आणि सांगा कुठला कुठला. चारातून चार बरोबर आले तर तुम्ही माझ्यापेक्षा चांगले पारखी आहात. हुरड्याला मला बोलवा, ओतायला... म्हणजे वाढायला मी येतो. (हशा)

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत.